डोंगरउताराचे दोन वहिवाटदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व अंगास ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे तिरकी पसरलेली अ‍ॅपलाशियन नावाची जी पुरातन पर्वतराजी आहे, तिचे दक्षिणेकडील एक टोक जॉर्जिया संस्थानाच्या उत्तर भागात येऊन विराम पावते. हे पर्वत हिमालयासारखे गगनभेदी नाहीत आणि त्यांच्यावर बारमाही बर्फही नाही. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने त्यांची शिखरे झिजून गोलसर झालेली आहेत, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओक, मॅपल, ट्यूलिप अशा पानझडी वृक्षांचे दाट आच्छादन त्यांवर पसरलेले आहे. या अरण्यातील एखादे कुजके लाकूड उलटून पाहिले, तर पांढुरक्या अळ्या तोंडात धरून लगबगीने आडोसा शोधणाऱ्या, सडपातळ बांध्याच्या आणि लांब पायांच्या तपकिरी मुंग्या हटकून दृष्टीस पडतात. त्या पायथ्याशी सापडतात तशा माथ्याजवळही सापडतात, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणारास दोन्ही ठिकाणच्या मुंग्या एकच वाटतात. वस्तुतः त्या एकाच वंशाच्या दोन निराळ्या जाती आहेत. खालच्या उबदार उतारावर अ‍ॅफीनोगॅस्टर रुडिस ही जात नांदते, वरच्या थंड उतारावर अ‍ॅफीनोगॅस्टर पिसिया ही नांदते, आणि दोघींच्या मुलुखांमधली हद्द डोंगराच्या मध्यावर कोठेतरी असते. तेथे ना ओढा, ना कडा, ना जमिनीचा काही निराळा कस; मग ही हद्द आखली कोणी, आणि ती राखतो कोण, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

प्रथम या दोन मुंग्यांची थोडी ओळख करून घेणे बरे. दोघींच्याही कामकरी मुंगीची लांबी सुमारे अर्धा सेंटिमीटर. रुडिसचा वर्ण तांबूस तपकिरी, पिसियाचा अधिक काळपट. आणि भिंगाखाली धरल्यास पिसियाच्या शृंगिकेचे टोकाकडचे चार खंड उरलेल्या शृंगिकेहून फिकट दिसतात, एवढीच काय ती चटकन सापडणारी खूण. वारूळ म्हणून जी उंच मातीची रचना आपल्या डोळ्यांसमोर येते तसले यांचे काही नसते. पडलेल्या ओंडक्यात, दगडाखाली किंवा पालापाचोळ्याच्या थराखाली यांचे बिऱ्हाड असते आणि त्यात राणीसह काही शेकडा कामकरी मुंग्या असतात. या वंशाची एक लकब मोठी गमतीची आहे. मऊ अथवा पातळ अन्न सापडले आणि ते उचलून नेता येईना, तर ही मुंगी पानाचे तुकडे, मातीचे कण, काडीकचरा आणून त्या अन्नावर टाकते, ते त्यात भिजू देते आणि मग भिजलेले तुकडे एकेक करून घरी नेते. १९७६ साली फेलर्स दांपत्याने रुडिसच्या या वर्तनाचे वर्णन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा कीटकांनाही उपकरण वापरता येते हे पाहून विद्वानांना कौतुक वाटले. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने तिची उपकरणे गौण आहेत. तिला किती थंडी सोसते, हे महत्त्वाचे.

डोंगर चढू लागले की हवा थंड होत जाते, हे घाट चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सरासरीने पाहता दर हजार मीटर उंचीमागे सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरते. मैदानातून उत्तरेकडे शेकडो कोस चालत गेल्यावर हवेत जो पालट अनुभवास यावा तो डोंगरावर एका दिवसाच्या चढणीत अनुभवास येतो, आणि म्हणूनच निसर्गाच्या अभ्यासकांना पर्वतांचे आकर्षण पुरातन आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वताची चढण करून वनस्पतींचे पट्टे उंचीनुसार कसे पालटत जातात ते टिपले, आणि १८८९ मध्ये सी. हार्ट मेरियम याने अ‍ॅरिझोनातील सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर तशीच पाहणी करून ‘जीवनपट्टे’ ही कल्पना मांडली. या दोघांनी पट्टे आखले. पण पट्ट्याच्या काठावर नेमके काय घडते, एक जात कोठे व का थांबते आणि दुसरी तेथेच का सुरू होते, याचा उलगडा केवळ नकाशावरून होण्यासारखा नव्हता.

मुंगीच्या अंगात स्वतःची अशी ऊब नसते. आपले शरीर बाहेर हिमवर्षाव असो की ग्रीष्म असो, सदतीस अंशांच्या आसपास राहते आणि त्यासाठी आपण दिवसभर अन्नाचे इंधन जाळीत असतो. मुंगीचे शरीर भोवतालच्या हवेइतके आणि जमिनीइतकेच उष्ण किंवा थंड असते. तापमान एका मर्यादेच्या खाली गेले की तिचे पाय लटपटतात, ती उताणी पडली तर पुन्हा सरळ होऊ शकत नाही, आणि वरची मर्यादा ओलांडली तरी तीच गत होते. या दोन मर्यादांच्या दरम्यान जेवढे तास आणि जेवढे दिवस तिला मिळतील तेवढ्यातच तिला चारा शोधायचा, अळ्या पोसायच्या, नवी प्रजा उडवायची आणि पुढल्या हिवाळ्याची बेगमी करायची असते. अंड्यातून अळी, अळीतून कोश आणि कोशातून मुंगी हा प्रवासही उबेच्या हिशेबाने चालतो; ऊब कमी तर प्रवास लांबतो, आणि फार लांबला तर हिवाळा मध्येच गाठतो. अंटार्क्टिका, ग्रीनलंड आणि आइसलंड एवढे प्रदेश सोडले तर पृथ्वीच्या पाठीवर बहुतेक सर्वत्र मूळच्या मुंग्या आहेत हे खरे, पण त्यांच्यापैकी कोणतीही एक जात सर्वत्र नाही.

या मर्यादा जातीगणिक किती निराळ्या असाव्यात याचे दोन नमुने देतो. सहारा वाळवंटातील रुपेरी मुंगी, कॅटॅग्लिफिस बॉम्बिसीना, भर दुपारी, वाळू इतकी तापलेली असताना बाहेर पडते की तिला खाऊ पाहणारे सरडेदेखील त्या वेळी बिळात दडलेले असतात. ती काही मिनिटेच बाहेर राहते, उन्हाने मेलेले कीटक गोळा करते आणि परतते. याउलट ज्या अ‍ॅपलाशियन अरण्याची आपण गोष्ट करीत आहोत तेथेच राहणारी प्रेनोलेपिस इम्पॅरिस ही मुंगी पाणी गोठण्याच्या थोड्या वरच्या तापमानातही हिंडते, हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या प्रारंभी मनसोक्त खाऊन पोटात चरबी साठविते, आणि उन्हाळा आला की वारुळाचे दार बंद करून आत बसते. शेजारच्या मुंग्यांचा सुगीचा काळ तो हिचा निद्राकाळ. एकाच रानात राहूनही हिने निराळा ऋतू निवडल्याने तिची कोणाशी फारशी कटकट उद्भवत नाही.

रुडिस आणि पिसिया यांचे मात्र तसे नाही. दोघींचे अन्न एक, घरे बांधण्याची जागा एक, ऋतूही बव्हंशी एकच. परक्याशी माणसाचे भांडण क्वचित होते. बांधावरून जे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते ते भाऊबंदांत, कारण दोघांनाही तीच जमीन हवी असते. प्राणिसृष्टीतही जवळच्या नात्यातील जातींची भाऊबंदकी अशीच चिवट असते, आणि शास्त्रज्ञाला ती फार उपयोगी पडते. दूरच्या दोन जातींची तुलना केली तर फरक शंभर सापडतात आणि त्यांपैकी कोणत्या फरकामुळे एक डोंगरावर आणि दुसरी पायथ्याशी हे सांगता येत नाही. चुलत बहिणींसारख्या दोन जातींत मात्र जवळजवळ सर्व काही समान असते, आणि जो थोडा फरक उरतो त्याकडेच बोट दाखविता येते. दक्षिण अमेरिकेतून जहाजांच्या मालाबरोबर अलाबामातील मोबील बंदरात आलेल्या दोन अग्निमुंग्यांचेही असेच झाले. काळी अग्निमुंगी सुमारे १९१८ मध्ये आली, तांबडी १९३० नंतरच्या दशकात. आणि मागाहून आलेल्या तांबडीने जवळजवळ सारा दक्षिण मुलूख व्यापून काळीला उत्तरेकडच्या, तुलनेने थंड अशा चिंचोळ्या पट्टीत ढकलले. त्या दोघींचा संकरही होतो, त्यामुळे त्यांची हद्द म्हणजे रेघ नसून मिश्र प्रजेचा एक रुंद पट्टाच आहे. पण अग्निमुंगी परदेशी, तिची वस्ती नवी. तिच्यावरून मूळच्या रहिवाशांचा न्याय करणे धोक्याचे.

आता जॉर्जियाच्या डोंगराकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात रॉस क्रोझियर नावाचे अनुवंशशास्त्रज्ञ तेथील विद्यापीठात काम करीत होते. त्यांना हवामानाशी काही कर्तव्य नव्हते. रुडिस या एका नावाखाली प्रत्यक्षात किती जाती दडलेल्या आहेत, हे त्यांना मुंग्यांच्या शरीरातील विकरांच्या भेदांवरून उलगडायचे होते. त्यासाठी १९७४ साली त्यांनी डोंगरउतारावर ठिकठिकाणाहून मुंग्या गोळा केल्या आणि कोठे कोणत्या प्रकारची सापडली याची रीतसर नोंद ठेवली. हे दप्तर पुढे कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. वाङ्मयात असो की विज्ञानात असो, ज्या हेतूने एखादी गोष्ट लिहून ठेवावी त्याहून निराळ्याच हेतूसाठी ती पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते असे पुष्कळदा घडते, आणि ज्यांना केवळ स्थळ, दिनांक व उंची यांच्या रुक्ष याद्या लिहिण्याचा कंटाळा येतो त्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

अडतीस वर्षांनंतर, २०१२ साली, रॉबर्ट वॉरन आणि लेसी चिक हे दोन संशोधक त्याच डोंगरांवर पुन्हा गेले आणि १९७४ च्या नोंदींशी ताडून पाहू लागले. खालची रुडिस वर सरकली होती. ज्या उंचीवर पूर्वी पिसियाचा निर्वेध अंमल होता अशा पुष्कळ ठिकाणी आता रुडिसची वहिवाट सुरू झालेली होती आणि पिसिया तेथून नाहीशी झालेली होती.

एवढे पाहून कोणीही म्हणेल की जग तापत आहे, तेव्हा उबेची मुंगी वर चढली यात नवल ते काय? पण वॉरन आणि चिक यांच्या कामाचे वैशिष्ट्य हेच की एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. कारण जात वर सरकली म्हणजे ती हवामानामुळेच सरकली असे सिद्ध होत नाही. या डोंगरांचा इतिहास उलथापालथींनी भरलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील जंगलांची बेसुमार तोड झाली. १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम आढळलेल्या एका बुरशीच्या रोगाने पुढील काही दशकांत अमेरिकन चेस्टनट या महावृक्षाचा जवळजवळ निर्वंश केला. त्यानंतर उजाड उतारांवर नवे रान उगवून दाट झाले. सावली, ओलावा, पडझडीची लाकडे या सर्वांत पालट झाला असताना एखादी मुंगी वर गेली किंवा खाली आली, तर त्याचा दोष एकट्या हवामानाच्या माथी मारणे म्हणजे साक्षीपुरावा न घेताच निवाडा देणे होय. यासाठी तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: जात सरकल्याचा पुरावा, त्याच प्रदेशातील हवामान पालटल्याचा पुरावा, आणि त्या जातीच्या शरीरात त्या पालटाला प्रतिसाद देणारे काही आहे याचा पुरावा. पहिला हाती आलेला होता.

दुसऱ्यासाठी त्यांनी त्या प्रदेशातील १९७४ ते २०१२ पर्यंतच्या तापमानाच्या नोंदी तपासल्या, आणि तेथे एक अनपेक्षित गोष्ट आढळली. सरासरी तापमान जवळजवळ स्थिर होते आणि दिवसाचे कमाल तापमानही वाढलेले नव्हते. वाढलेले होते ते किमान तापमान. उन्हाळ्याच्या दुपारी पूर्वीइतक्याच तापत होत्या, मात्र थंडीचा कडाका पूर्वीसारखा उरला नव्हता. तापमानवाढ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर वैशाखवणवा उभा राहतो, आणि त्या दृष्टीने पाहणाऱ्यास या डोंगरांवर काहीच घडलेले नाही असेच वाटले असते.

तिसऱ्या पुराव्यासाठी मुंग्यांनाच साक्षीला बोलावले. निरनिराळ्या उंचीवरून दोन्ही जातींच्या मुंग्या जिवंत पकडून आणल्या, आणि प्रयोगशाळेत तापमान नियंत्रित करून त्या कोठे हतबल होतात ते पाहिले. असल्या चाचणीची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. मुंगीला बंदिस्त ठेवून तापमान हळूहळू चढवीत अथवा उतरवीत न्यायचे. उताणी झालेली मुंगी ज्या अंशावर पुन्हा पायांवर उभी राहू शकत नाही तो तिच्या सहनशक्तीचा अंत मानायचा. यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक म्हणजे, एकाच जातीच्या मुंग्यांतही वरच्या उतारावरची मुंगी आणि खालच्या उतारावरची मुंगी यांच्या मर्यादा सारख्या नव्हत्या. जेथे राहावे तेथल्या हवेशी दोन्ही जाती काही अंशी जुळवून घेत होत्या. दुसरी अधिक महत्त्वाची: हे जुळवून घेणे हिशेबात धरूनही रुडिसच्या दोन्ही मर्यादा, खालची तशीच वरची, पिसियाच्या मर्यादांहून दोन अंश सेल्सिअस अधिक होत्या. रुडिस दोन अंश अधिक ऊन सोसते, पण पिसिया दोन अंश अधिक थंडीतही हिंडूफिरू शकते.

दोन अंश म्हणजे काय मोठे, असे वाटणे साहजिक आहे. पण हजार मीटरांमागे साडेसहा अंश हा जो दाखला वर दिला त्याने हिशेब केला, तर दोन अंश म्हणजे डोंगरावरील सुमारे तीनशे मीटरांची चढण होते, आणि जेथे सारा डोंगरच हजार-दीड हजार मीटरांचा तेथे तीनशे मीटर म्हणजे फार मोठा मुलूख झाला. आता तिन्ही पुरावे शेजारी ठेवून पाहावे. दिवस अधिक तापलेले नव्हते, तेव्हा उन्हाने पिसियाला हुसकून लावले असे म्हणता येत नाही. जी दुपार तिच्या आजीने १९७४ मध्ये सोसली तीच तिलाही सोसावी लागत होती. रुडिसला मात्र ज्या थंडीने वर येऊ दिले नव्हते ती थंडी ढिली पडली होती. चौकीवरचा पहारा उठला आणि भाऊबंद आत शिरले, एवढाच याचा अर्थ. माझ्या मते या सर्व संशोधनातील खरी मौज येथे आहे. थंडी ही पिसियाची शत्रू नव्हती; तीच तिचे संरक्षण करीत होती, आणि ते काढून घेतले जाताच जिला स्वतःला हवेपासून काही त्रास नव्हता ती जात बहिणीच्या हातून बेदखल झाली. ‘अमुक प्राण्याला इतके अंश चालतात’ एवढ्याच माहितीवर त्याच्या भविष्याचे नकाशे काढणारांनी शेजाऱ्याला किती अंश चालतात हेही विचारले पाहिजे.

हे झाले समशीतोष्ण प्रदेशाचे. उष्ण कटिबंधात हा प्रश्न निराळे रूप घेतो. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १९६७ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की उष्ण कटिबंधातील खिंडी तेथील प्राण्यांच्या दृष्टीने अधिक ‘उंच’ असतात. जॉर्जियाच्या मुंगीला एकाच वर्षात गोठविणारा जानेवारी आणि घाम फोडणारा जुलै दोन्ही पाहावे लागतात, म्हणून तिच्या सहनशक्तीचा पल्ला मोठा. विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर बारा महिने हवा जवळजवळ एकसारखी, म्हणून तेथील प्राण्याचा पल्ला लहान, आणि त्यामुळे थोडीशी चढणही त्याला परमुलखासारखी. हे खरे असेल तर उष्ण प्रदेशातील डोंगरांवर जातींचे पट्टे अधिक अरुंद असावयास हवेत.

आपल्या सह्याद्रीवर मात्र उंचीइतकाच, किंबहुना अधिक, पाऊस हद्दी आखतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे कोकणच्या किनाऱ्याहून साधारणतः दहा अंशांनी थंड; पण महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडावा आणि पूर्वेकडे फलटणला त्याचा दहावा हिस्साही जेमतेम मिळावा, हा फरक थंडीच्या फरकाहून कितीतरी तीव्र आहे. तरी उबेचे बंधन आपल्याकडच्या मुंग्यांनाही आहेच. आंब्याफणसाच्या झाडांवर पाने रेशमाने शिवून घर करणारे आणि फांदीला हात लागताच अंगावर तुटून पडणारे तांबडे हुमले कोकणच्या व गोव्याच्या माणसाला नव्याने सांगायला नकोत. त्यांचा वंश इकोफिला, आणि आज त्याच्या दोनच जाती शिल्लक आहेत, एक आफ्रिकेत आणि दुसरी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत. दोन्ही उबदार मुलखातल्या. पण बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणाऱ्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अंबरात याच वंशाच्या मुंग्या जशाच्या तशा गोठलेल्या सापडतात. त्या काळी युरोप उबदार होता. पुढे तो थंड झाला आणि या वंशाने तेथून आपला मुक्काम कायमचा हलविला.

आपल्याकडच्या मुंग्यांच्या शास्त्रीय नोंदीस मोठा हातभार लागला तो मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील एका अंमलदाराच्या हौसेतून. आर. सी. रॉटन यांनी १८९२ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या विषयावर लेख लिहिले, आणि त्यांनी व त्यांच्या स्नेह्यांनी गोळा केलेले नमुने ऑगस्ट फोरेल या स्विस विद्वानाकडे गेले. फोरेल व्यवसायाने मनोरुग्णांचे वैद्य, झुरिच येथील वेड्यांच्या इस्पितळाचे संचालक, आणि छंद मुंग्यांचा. हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांविषयीची त्यांची दीर्घ लेखमाला मुंबईच्या त्याच नियतकालिकात, फ्रेंच भाषेत, वर्षानुवर्षे छापली जात होती. पुढे १९०३ मध्ये सी. टी. बिंगहॅम यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत मुंग्यांचा खंड सिद्ध केला. क्रोझियर यांच्या अडतीस वर्षे जुन्या झालेल्या याद्यांतून जे निघाले ते लक्षात घेता, शतकाहून जुन्या या दप्तरांकडे केवळ वर्गीकरणाची अडगळ म्हणून पाहणे परवडणारे नाही.

डोंगरावर जे आपोआप घडते ते मुद्दाम घडवून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड फॉरेस्ट आणि नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक फॉरेस्ट या दोन अरण्यांत प्रत्येकी बारा, वरून उघडे असे कक्ष उभारले गेले; त्यांपैकी काहींत नुसती बाहेरची हवा आणि बाकीच्यांत दीड अंशापासून साडेपाच अंशांपर्यंत निरनिराळ्या प्रमाणात तापविलेली हवा सोडली गेली, आणि आतबाहेर ये-जा करणाऱ्या मुंग्या वर्षानुवर्षे मोजल्या गेल्या. दक्षिणेकडच्या ड्यूक येथे, जेथे मुंग्या आधीच आपल्या वरच्या मर्यादेच्या जवळ राहतात तेथे, कोणती जात तगेल आणि कोणती हटेल याचा अंदाज तिच्या उष्णता सोसण्याच्या शक्तीवरून बऱ्यापैकी बांधता आला. उत्तरेकडच्या हार्वर्ड येथे तो तितकासा बांधता आला नाही. एकाच नियमाचा जोर सर्व ठिकाणी सारखा नसतो, हे यातून दिसते.

एक मुंगी गेली आणि तिच्यासारखीच दुसरी आली तर अरण्याचे बिघडले काय, ही शंका अद्याप उरते. तिचे उत्तर झाडोऱ्यात आहे. या पानझडी रानांच्या तळाशी वसंतात फुलणाऱ्या कितीतरी लहान वनस्पती आपल्या बियांना एक पांढुरकी, स्निग्ध गाठ चिकटवून ठेवतात. बी जमिनीवर पडले की अ‍ॅफीनोगॅस्टर मुंगी ती गाठ जबड्यात पकडून बी ओढत घरी नेते, गाठ अळ्यांना चारते आणि टणक बी टाकून देते. आईच्या सावलीतून दूर, उंदरांच्या नजरेआड अशा जागी ते रुजते. पूर्व अमेरिकेच्या अरण्यांत हे काम करणाऱ्या मुंग्यांत या वंशाचा वाटा सर्वांत मोठा आहे. आता या वनस्पतींपैकी हिपॅटिका ही फार लवकर फुलते आणि लवकर बी टाकते, तर जमिनीलगत मडक्यासारखी फुले धरणारी हेक्सास्टायलिस उशिरा बी टाकते. पिसिया गारव्यातही हिंडते, त्यामुळे वसंताच्या प्रारंभी हिपॅटिकाचे बी पडते तेव्हा ती कामावर रुजू झालेली असते, आणि हेक्सास्टायलिसचे बी पडते तेव्हाही असते. रुडिस मात्र हवा तापण्याची वाट पाहत घरात बसलेली असते. ती बाहेर येईपर्यंत हिपॅटिकाचा हंगाम उलटून जातो. वॉरन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०११ मध्ये हेच दाखविले होते, की उबेच्या मुंगीच्या मुलखात उशिराच्या वनस्पतीचे बरे चालते आणि लवकरच्या वनस्पतीची रोपे एकमेकांस खेटून, जेथल्या तेथे दाटी करून राहतात.

ही हद्द अशीच वर सरकत राहिली तर तिला अंतही ठरलेला आहे. जॉर्जियातील सर्वोच्च शिखर, ब्रासटाउन बाल्ड, १,४५८ मीटर उंचीचे. त्याच्या वर पिसियाला जॉर्जियात जमीन नाही. जात म्हणून तिचा विनाश होईल असे यावरून मुळीच ठरत नाही, कारण हीच पर्वतराजी उत्तरेकडे नॉर्थ कॅरोलायनात माउंट मिचेलवर २,०३७ मीटरांपर्यंत चढते, आणि त्याही पलीकडे थंड अरण्ये पसरलेली आहेत, जेथे पिसियाला डोंगर चढण्याचीही गरज पडत नाही. हिपॅटिकाच्या बियांना मात्र पाय नाहीत.